तळ नसलेला आड

आडावर मोटार बसवायची, एवढंच ठरलं होतं. त्यात तीर्थ, नारळ, कापूर आणि गुंडप्पांची अब्रू येऊन पडेल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

गुंडप्पा म्हणजे गुंडप्पा माणिकप्पा, कापडवाले. लातुरात गंजगोलाईजवळच्या एका गल्लीत त्यांचं दुकान, आणि दुकानापासून हाकेच्या अंतरावर घर. घरामागच्या परसात दगडी बांधणीचा आड. परसाचं दार गल्लीत उघडायचं आणि ते दिवसा कधी लावायचं नाही, ही त्यांचे वडील माणिकप्पा यांच्या वेळची शिस्त. त्यामुळे आड गुंडप्पांचा असला तरी पाणी गल्लीचं होतं.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नवे साहेब, नव्या पाट्या, आणि रोज कुठल्या ना कुठल्या इमारतीचा पाया. सगळं आलं होतं, पाऊस तेवढा यायचा राहिला होता. (त्याला अजून उस्मानाबादचाच पत्ता माहीत असेल, असं गल्लीत म्हणत. उस्मानाबादच्या माणसाला विचारलं तर तो म्हणे, आमच्याकडं कुठं आलाय?) घरोघरी नळ द्यायचं एका नव्या साहेबांनी जाहीर केलं होतं. नळ आले. त्यातून आठवड्यातून एकदा हवा येई, आणि ती यायच्या दिवशी बायका घागरी लावून बसत.

आडाचं पाणी टिकून होतं, पण ते खाली खाली चाललं होतं. रहाटाच्या दोराला जोड देऊन देऊन तो लांबवलेला. पोहरा वर यायला एवढा वेळ लागायचा की ओढता ओढता बायकांचं एखादं भांडण सुरू होऊन मिटूनही जायचं. गुंडप्पांच्या घरचं पाणी त्यांच्या पत्नी, जगदेवी, ओढायच्या. मुली लग्न होऊन गेलेल्या. गुंडप्पा स्वतः ओढत नसत. त्यांच्या घराण्यात पुरुषाने रहाटाला हात लावल्याचं कुणाला आठवत नाही.

व्हायचं ते झालं. जगदेवींचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी सांगितलं, रहाटाला हात लावाल तर हा हात कायमचा जाईल. जगदेवींनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन पाणी ओढलं, कारण डॉक्टर काही पाणी भरायला येणार नव्हते.

एक दिवस गुंडप्पा दुकानात निघाले असताना त्यांना माजघरात बायको दिसली. ती अंबाडा बांधायला बघत होती. उजवा हात वर जाईना. डाव्या हाताने केस धरले तर गुंडाळायला हात उरेना. तिने भिंतीला डोकं टेकवलं, केस भिंतीशी दाबून धरले आणि एका हाताने पीळ घालत राहिली. गिऱ्हाइकापुढे दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारे गुंडप्पा दारात नुसतेच उभे राहिले. त्यांना लाज वाटली. लग्नाला एवढी वर्षं झाली आणि हा हात आपण कधी नीट बघितलाच नाही, असं त्यांच्या मनात आलं.

"मोटार बसवू," ते म्हणाले.

"कधी?" जगदेवींनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"लगेच."

गुंडप्पांच्या तोंडी 'लगेच' हा शब्द फक्त उधारीच्या वसुलीत येत असे. त्यामुळे जगदेवींनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

जगदेवींचा धाकटा भाऊ सिद्धलिंग याचं उदगीरला मोटारीचं दुकान होतं. निरोप मिळताच तो एसटीच्या टपावर एक मोटार घालून आला. हिरव्यागार रंगाची, गुबगुबीत, एक हॉर्सपॉवरची. ती ओसरीवर पाटावर ठेवली. गुंडप्पांनी तिला विभूतीचे तीन पट्टे ओढले. गल्लीतल्या बायका बघायला आल्या आणि पाहुणी मुलगी बघावी तशा तिच्याकडे बघत बसल्या. एवढ्याशा यंत्रात एका घोड्याची ताकद आहे, असं सिद्धलिंगने सांगितलं. गल्लीत सगळ्यांत वडीलधाऱ्या होत्या सरजाबाई. त्यांनी मोटारीला हळूच बोट लावून बघितलं.

"घोडं आत असंल तर खातंय काय?" त्या म्हणाल्या.

"करंट, मावशी."

"मंग उपाशीच मरतंय की. लाईट कुठं असती आपल्याकडं?"

सिद्धलिंगने विषय बदलला. "दाजी, आड किती खोल हाय? त्या हिशेबानं पाइप आनतो."

इथे खरी गोष्ट सुरू होते.

"तळ न्हाई त्याला," गुंडप्पा म्हणाले.

हे ते थट्टेने म्हणाले नव्हते. माणिकप्पा हयातभर सांगत आले होते की आपल्या आडाला तळ नाही. रझाकारांच्या वेळी म्हणे त्यात एक परात पडली आणि ती थेट औशाच्या तळ्यात निघाली. लोक माणिकप्पांना हसायचे. माणिकप्पा मात्र शेवटपर्यंत सांगत राहिले, आणि ते गेल्यावर सांगायचं काम वारसाने गुंडप्पांकडे आलं. एवढ्या दुष्काळात बाकीचे आड कोरडे पडले आणि हा आटला नाही, तेव्हापासून हसणारेही जरा दबकून हसायला लागले होते.

"दाजी," सिद्धलिंग म्हणाला, "बिनतळाच्या आडाला पाइप मिळत न्हाई. काहीतरी फूट सांगावं लागतंय."

"मोजू की मंग."

"सुतळी आनतो. एक दगड बांधू आन् सोडू."

गुंडप्पांनी नकारार्थी मान हलवली. सुतळी आणायची, सोडायची, वर ओढायची, मग पुन्हा मोजायची. हा दुप्पट उद्योग कशाला? कापडाच्या माणसाला लांबी म्हटलं की एकच गोष्ट सुचते. तागा मोजूनच आलेला असतो. एकेक तागा सोडत जायचं, किती गेले ते बघायचं, झाला हिशेब.

(यात आणखी एक गोम होती, ती गुंडप्पांनी सांगितली नाही, पण आपण सांगून टाकू. जिल्हा झाला तेव्हा गुंडप्पांच्या डोक्यात आलं की एवढ्या कचेऱ्या येणार, म्हणजे एवढी दप्तरं येणार, आणि सरकारी दप्तर लाल कापडात बांधतात. त्यांनी कुठूनसं स्वस्तात लाल कापड उचललं आणि तागेच्या तागे भरून ठेवले. कचेऱ्या आल्या. दप्तरंही आली. पण ती उस्मानाबादहून येतानाच लाल कापडात बांधून आली. तेव्हापासून ते तागे दुकानाच्या माळ्यावर पडून होते, आणि गुंडप्पा ते कशाला तरी उपयोगी आणायची संधी शोधत होते.)

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल तागे परसात आले. आडात काहीही सोडायचं तर आधी गंगेची पूजा करायला हवी, म्हणून जगदेवींनी डाव्या हाताने हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. बातमी गल्लीत पसरली होतीच. जागा मिळेल तिथे बायका उभ्या राहिल्या. दुकानं उघडायची सोडून पुरुषही आले.

पहिल्या ताग्याच्या टोकाला दगडांनी भरलेला तांब्या बांधला. गुंडप्पा आणि सिद्धलिंग दोघांनी मिळून कापड सोडायला सुरुवात केली. तांब्या अंधारात दिसेनासा झाला. खाली डुबुक असा आवाज झाला. कापड ओलं झाल्याचं हाताला कळलं, आणि ते खाली जात राहिलं. पहिला तागा संपला. दुसऱ्याचं टोक त्याला गाठलं. तोही गेला.

"लागलं का काही?" सिद्धलिंगने विचारलं.

"न्हाई. ओढ हाय अजून. खालून कुनीतरी ओढावं तशी."

तिसरा तागा जायला लागला तेव्हा परसातली कुजबुज थांबली. चौथ्याला सरजाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे घेतला. लाल कापडाचा पट्टा सरसर आडात उतरत होता आणि गुंडप्पांच्या तळहाताला ती ओढ जराही कमी झालेली कळत नव्हती. आपण जमिनीच्या आत, अगदी आत, कुठेतरी हात घातलाय असं त्यांना वाटायला लागलं.

"माणिकप्पा खोटं बोलत न्हवता," सरजाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "आमीच हसलो."

हे ऐकल्यावर गुंडप्पांचे डोळे भरले. बाप गेल्यानंतर इतक्या वर्षांनी, भर गल्लीत, बापाचा शब्द खरा ठरत होता. पाचवा तागा गेला. सहावा, शेवटचा, अर्धा गेला. कुणीतरी "गंगामाय" म्हणालं आणि हात जोडले. सगळ्या बायकांनी जोडले. पुरुषांनी जोडले. सिद्धलिंग मोटारी विकणारा, शिकलेला माणूस, पण त्याचेही हात आपोआप जुळले. गुंडप्पांना राहवलं नाही. त्यांनी डोळे मिटले, बापाला आणि गंगेला एकदमच आठवलं आणि दोन्ही हात जोडले.

हात जोडण्यात एक अडचण असते. हातात जे असेल ते सोडावं लागतं.

परसात फक्त जगदेवींनी हात जोडले नव्हते, कारण त्यांचा उजवा हात वर जात नव्हता. "अहो, कापड चाललं," त्या म्हणाल्या. गुंडप्पांनी डोळे उघडले तोवर लाल शेपटाचं टोक आडाच्या काठावरून आत गेलं होतं.

सिद्धलिंगने पडलेले पोहरे काढायचा लोखंडी गळ आणला. पण आडाभोवती बायका उभ्या होत्या, आणि त्यांची तोंडं बघून तो गळ हातातच राहिला. "गंगेला हळदकुंकू लावून दिलेलं कापड परत ओढायचं?" एकजण म्हणाली. "नेसलेलं लुगडं फेडायचं का तिचं?" गळ पुन्हा खुंटीला लागला.

त्या दिवशी गुंडप्पा दुकानात गेले, पण धंद्यात मन नव्हतं. कापडाचं नुकसान झालं होतं, तरी छाती भरून आली होती. जो येईल त्याला ते सांगत, "सहा तागे गेले. सहा. आन् ओढ जशीच्या तशी."

खरा चमत्कार दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. सरजाबाईंनी पहिला पोहरा वर काढला. त्यात बघितलं. मग तो काठावर ठेवला आणि जगदेवींना हाक मारली. पाणी गुलाबी होतं. कुंकवाचं बोट धुतल्यावर तांब्यातलं पाणी दिसतं, तसं.

दिवस चांगला वर येईस्तोवर परस भरून गेलं. शेजारच्या गल्लीतून लोक आले. नव्या कचेरीतल्या एका कारकुनाची बायको कापूर घेऊन आली. गंगामाय लुगडं नेसली, तिने कुंकू लावलं, असं एक बाई सांगायची आणि दुसरी तेच तिसरीला सांगायची. गुंडप्पा आडापुढे हात जोडून उभे होते. (आता हातात काही नव्हतं.) आपल्या घराच्या परसात हे घडतंय, या विचाराने त्यांना दुकान उघडायचंही भान राहिलं नव्हतं.

सिद्धलिंगने त्यांना बाजूला ओढलं.

"दाजी, रंग गेलाय."

"कशाचा?"

"कापडाचा. तुमच्या."

"गप बस," गुंडप्पा म्हणाले. "माझ्या दुकानचा रंग जात न्हाई."

हे वाक्य दुकानाच्या पाटीवरही होतं. 'पक्का रंग. रंग गेल्यास माल परत.' इतक्या वर्षांत एकही लुगडं परत आलं नव्हतं आणि गुंडप्पांना त्याचा कोण अभिमान. पण सिद्धलिंग गेल्यावर त्यांनी तांब्यात पाणी घेतलं, उजेडाला धरलं आणि ते बराच वेळ बघत राहिले. कापडवाल्याला रंग ओळखू येतो. हा कुंकवाचा नव्हता. हा त्या माळ्यावरच्या ताग्यांचा होता. गुंडप्पांनी तांब्या खाली ठेवला, आजूबाजूला कुणी बघितलं नाही ना याची खात्री केली आणि मनाला बजावलं की देवाला रंग कुठूनही घेता येतो.

कारण दुसरं काही मनाला सांगणं परवडणारं नव्हतं. हा रंग आपल्या कापडाचा म्हटलं, तर उद्या सगळी गल्ली लुगडी घेऊन पायरीवर उभी. बापाच्या वेळचं दुकान, त्याचं नाव, ती पाटी, सगळं त्या आडात बुडायचं. त्यापेक्षा चमत्कार बरा.

पण चमत्काराची एक अट निघाली. दुपारी चार जाणती माणसं जमली आणि त्यांनी सांगून टाकलं की आता या आडात यंत्र उतरवायचं नाही. गंगामाय बसली आहे, तिच्या अंगावर लोखंड कसं सोडायचं? गुंडप्पांनी मान डोलावली. ओसरीवर मोटार पाटावरच बसून होती, विभूती लावून.

आणखी एक झालं, ते अजून वाईट होतं. लोकांना तीर्थ हवं होतं, आणि तीर्थ घरच्या लक्ष्मीच्या हातचंच हवं. म्हणजे जगदेवींच्या. पूर्वी घरापुरतं पाणी ओढायच्या, आता येणाऱ्या प्रत्येकासाठी ओढायचं. त्या डाव्या हाताने ओढत, दोर पायाखाली दाबून धरत, दम घेत, पुन्हा ओढत. लोक तीर्थ घेत आणि डोळ्यांना लावत. पीत मात्र कुणी नव्हतं. प्यायचं पाणी गल्लीतल्या बायका दोन दिवस गुपचूप टँकरवरून आणत होत्या. गुंडप्पांच्या हे ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर ते दुकानातून आले तर ओसरीवर जगदेवी मोटारीवर पोतं टाकत होत्या. मोटारीला थंडी लागू नये अशा बेताने त्यांनी ते चारी बाजूंनी खोचलं.

"हे काय करायलीस?"

"धूळ बसायलीय." मग त्या म्हणाल्या, "सिद्धूला म्हनलं, घेऊन जा परत. दुसऱ्या कुनाला उपयोगी पडंल."

"आन् तुझा हात?"

"हाताचं काय. एक हाय की अजून." त्यांनी पोत्याची शेवटची बाजू खोचली. "दुकानाचं नाव राहू द्या तुमच्या."

म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी ती ओढत राहिली होती. गुंडप्पांना एकदम फार थोर माणसापुढे उभं राहिल्यासारखं वाटलं. आडापुढे वाटलं होतं त्याहूनही जास्त. ते तिथून निघाले आणि सरळ परसात गेले.

परसात पंधरा-वीस माणसं होती, कुणी कापूर पेटवत होतं. गुंडप्पा रहाटाच्या दगडी चौथऱ्यावर चढले. त्यांनी घसा खाकरला. आयुष्यात त्यांनी भाषणं पुष्कळ ऐकली होती, दिलं एकही नव्हतं.

"ऐका," ते म्हणाले. "ह्यो रंग माझ्या कापडाचा हाय. गंगामाईचा न्हाई. माझा रंग कच्चा हाय. ज्याला लुगडं परत आनायचं त्यानं आनावं. पन आडावर मोटार बसनार."

कापूर तेवढा जळत होता. गुंडप्पांना गल्लीच्या तोंडापासून लुगड्यांची रांग दिसायला लागली.

"हाव," सरजाबाई म्हणाल्या. "ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"रंग कच्चा हाय ते. अरे, तुझ्या बापाच्या वेळेपासनं कच्चा हाय. सून घरात आली की पहिल्या दिशी मी तिला सांगते, गुंडप्पाकडचं लुगडं आदी मिठाच्या पाण्यात बुडवायचं, मंग येकलंच धुवायचं, दुसऱ्या कपड्यात घालायचं न्हाई."

"मी रात्रभर भिजवते," एकजण मागून म्हणाली.

"मी तुरटी टाकते."

"आमच्याकडं पहिलं धुनं गोठ्यातच करायलाव," तिसरी म्हणाली. आता सगळ्याच बोलायला लागल्या. गल्लीत घरोघरी गुंडप्पांच्या लुगड्याची एकेक रीत होती, सासूने सुनेला दिलेली, आणि ती ऐकताना चौथऱ्यावरचे गुंडप्पा हळूहळू खाली बसले.

"मंग परत काहून न्हाई आनलं कुनी?" त्यांनी विचारलं. "पाटी होती की."

सरजाबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की जणू पोराने काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय.

"तुझ्या घरानं पान्याला कधी न्हाई म्हनलं का?" त्या म्हणाल्या. "परसाचं दार लावलं का कधी? येवढा दुष्काळ पडला, तवा तरी लावलं का? अशा मानसाच्या दारात लुगडं घेऊन भांडायला कोन जाईल रे?"

इतकी वर्षं आपण आपल्या रंगावर दुकान चालवतो असं गुंडप्पा समजत होते. दुकान आडावर चाललं होतं. अख्खी गल्ली मीठ आणि तुरटी वापरून, एक शब्द न बोलता, ते चालवत होती. या वेळी त्यांना आतून जे दाटून आलं ते आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा मोठं होतं.

"मंग तीन दिवस हात काहून जोडायला होतात?" त्यांनी शेवटी विचारलं.

"पहिल्या दिशी आमालाबी खरंच वाटलं, पन पानी गुलाबी झालं तरी तूच हात जोडून हुबा. म्हनलं, मालकच पाया पडायलाय, आपन कसं हुबं ऱ्हावं? बरं दिसत न्हाई." सरजाबाईंनी कापूर विझवला. "बाकीच्या गल्लीतले आले, ते आपल्या मनानं आले. त्यांना कोन थांबवनार?"

चार जाणती माणसंही मग मान डोलावून म्हणाली की लोखंडाचं तसं काही नाही. पण आधी आड उपसायला हवा, कापड काढायला हवं. उपसायचा कुणी हा प्रश्न आलाच नाही. सगळ्या बायकांनी एकदमच गुंडप्पांकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी गुंडप्पांनी रहाटाला हात लावला. घराण्यातले पहिलेच. सिद्धलिंग कमरेला दोर बांधून आत उतरला, खालून पोहरे भरून देऊ लागला आणि गुंडप्पा ओढू लागले. जगदेवी चौथऱ्यावर हात गळ्यात बांधून बसल्या होत्या. "पाय पुढं घ्या," त्या सांगत. "पाठीनं ओढा, हातानं न्हाई." दुष्काळात पाणी फेकायचं म्हणजे पाप, म्हणून गुलाबी पाणी बायका घागरीने वाहून शेजारच्या एका नव्या कंपौंडच्या बांधकामावर देत होत्या. तिथल्या मिस्त्रीने पाण्याचा रंग बघितला आणि काही विचारलं नाही. त्या दिवसांत पाणी मिळणं महत्त्वाचं होतं.

दहाव्या पोहऱ्याला गुंडप्पांच्या तळहाताला फोड आले. विसाव्यानंतर त्यांनी मोजायचं सोडलं. हे बाईमाणूस रोज करत होतं, सकाळी दुकानात जाण्याआधी आपल्याला आंघोळीला पाणी गरम मिळत होतं, आणि ते कुठून येतं हे आपण एकदाही विचारलं नाही, हे त्यांना प्रत्येक पोहऱ्याबरोबर नव्याने कळत होतं.

मग कापड दिसलं. सहाच्या सहा तागे तळाशी घड्या घालून बसले होते, दुकानातल्या माळ्यावर होते तसेच. पहिला तागा संपायच्या आधीच तांब्या तळाला टेकला होता, आणि बाकीचं सगळं आपल्याच ओल्या वजनाने खाली उतरत जाऊन ढीग होऊन बसलं होतं. आडाला तळ होता. चांगला घट्ट, काळ्या दगडाचा.

"दाजी," आतून सिद्धलिंगचा आवाज आला. तो आता वेगळा होता. "कंदील सोडा खाली. एक बघा."

कंदील सोडला. सगळे काठावरून वाकले, गुंडप्पा सिद्धलिंगच्या कमरेचा दोर हातात धरून. तळाच्या दगडाला एक चीर होती आणि त्या चिरेतून पाणी येत होतं. करंगळीएवढी धार. तिला आवाजही नव्हता. बाहेर नाले सुकले होते, आड कोरडे पडले होते, नळातून हवा येत होती आणि इथे जमिनीच्या पोटात ही एवढीशी धार कुणाला न विचारता, न थांबता येत होती, आणि तिच्यावर अख्खी गल्ली जगत होती. कुणी 'गंगामाय' म्हणालं नाही. कुणाला ते सुचलंच नाही. माणिकप्पांनी तळ नाही म्हटलं होतं ते चुकलं होतं, पण त्यांना सांगायचं होतं ते हेच असेल, असं गुंडप्पांना वाटलं. त्यांचे हात आपोआप एकमेकांजवळ यायला लागले.

"दाजी," खालून सिद्धलिंग घाईने म्हणाला, "हात जोडू नका. मी दोराला हाय."

दोनच दिवसांत आड पुन्हा भरला, काचेसारखं स्वच्छ पाणी. पाइप मोजून आला. (सुतळीने.) एका सकाळी लाईट होती तेवढ्यात सिद्धलिंगने बटण दाबलं, मोटार गुरगुरली, आणि स्वयंपाकघराच्या टाकीत पाणी पडलं. एक पाइप परसाच्या दाराशीही काढला होता, गल्लीसाठी. जगदेवींनी धारेखाली डावा हात धरला, मग जपून उजवाही धरला, आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांचा अंबाडा गुंडप्पांनी बांधून दिला. तो सुटला, ती गोष्ट वेगळी.

आता राहिलं गुंडप्पांचं धोतर. आड उपसताना पांढरंशुभ्र धोतर खालपासून वरपर्यंत गुलाबी शिंतोड्यांनी भरलं होतं. जगदेवींनी ते मिठात बुडवलं. तुरटीत बुडवलं. सोड्यात उकळलं, उन्हात टाकलं, पुन्हा उकळलं. रंग हलला नाही. गल्लीतल्या सगळ्या सासवांच्या सगळ्या रीती करून झाल्या. शेवटी गुंडप्पा तेच धोतर नेसून दुकानात जाऊन बसले.

सरजाबाई दुकानात आल्या. त्यांनी चष्मा लावला, गुंडप्पांच्या धोतराचा सोगा हातात घेतला, थुंकी लावून अंगठ्याने घासला, उजेडाकडे धरून बघितला आणि समाधानाने मान हलवली.

"ह्यो रंग पक्का हाय," त्या म्हणाल्या. "असलं लुगडं आलं की सांग मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुझ्याकडं घेण्यासारखा माल बघितला."